ज्यांची कुणीतरी वाट पाहतं अशी मुलं: सेवाभाव रुजवायची कृती, घरापासून शिबिरापर्यंत

आमच्या शनिवारच्या गटात मुलाला घालायला येणाऱ्या पालकांचं गाऱ्हाणं साधारण सारखंच असतं: पोरगं वाईट नाही, पण त्याला दुसऱ्याचं काही पडलेलं नाही. मग ते विचारतात, एखादं शिबिर आहे का, एखादं चांगलं व्याख्यान आहे का. शिबिरं चांगलीच असतात, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण बारा ते अठरा वयाच्या मुलांबरोबर बरीच वर्षं काम केल्यावर माझं मत ठाम झालं आहे. सेवाभाव ऐकून येत नाही, आणि एका दिवसाच्या उपक्रमातून तर नाहीच येत. ज्या मुलाची दर आठवड्याला कुणीतरी वाट पाहतं आणि ते गेलं नाही तर त्या माणसाचं खरोखर अडतं, ते मूल बदलतं. बाकी सगळं या एका गोष्टीभोवती उभं करायचं असतं.

पालक, शिक्षक, मंडळाचे कार्यकर्ते, सोसायटीतले निवृत्त काका-मावशी, ज्या कुणाला आठ-दहा मुलं गोळा करून काही सुरू करायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. क्रम मोडू नका, आणि पहिली पायरी गाळून थेट शिबिराकडे तर जाऊच नका.

पहिली पायरी: घरातलं एक काम, जे चुकलं तर सगळ्यांना कळतं

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला, तो यशवंत. ज्या घरात तो वाढला त्या घराचा हौद अस्पृश्य ठरवलेल्यांसाठी खुला होता. १८७७ च्या दुष्काळात उपाशी मुलांना जेवू घालायला हेच घर पुढे होतं. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा डॉक्टर झालेल्या यशवंतने शहराबाहेर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी गेल्या. यशवंतला सेवेवर कुणी व्याख्यान दिलं की नाही, या प्रश्नाला अर्थच नाही. त्याने लहानपणापासून दारात कोण येतं आणि त्याला घरात कसं घेतलं जातं, हे पाहिलं होतं.

आपल्या घरात एवढं मोठं काही घडत नसेल. पण मूल काय पाहतं याचा हिशोब आपणही मांडू शकतो. कामाला येणाऱ्या मावशींना चहा कोणत्या कपातून दिला जातो? त्या आजारी पडल्या तर घरात आधी काय बोललं जातं? वॉचमनला कुणी नावाने हाक मारतं का? मुलांचे डोळे इथे असतात.

त्यानंतर काम. पाच-सहा वर्षांचं मूल पानं मांडू शकतं आणि आपलं ताट उचलून नेऊ शकतं. नऊ-दहा वर्षांचं मूल कपड्यांच्या घड्या घालतं, निवडणं-टिपणं करतं, कोपऱ्यावरून कोथिंबीर आणतं. बाराव्या-तेराव्या वर्षी कुकर लावता यावा, आणि चौदाव्या वर्षी घरात कुणी आजारी असेल तर मऊ भात, पेज, सूप एवढं स्वतः करून देता यावं. हे मुलगा-मुलगी दोघांनाही. आपल्याकडे अजूनही मुलीच्या वाट्याला भांडी आणि मुलाच्या वाट्याला गाडीची किल्ली येते. त्या घरातला मुलगा बाहेर जाऊन कितीही समाजकार्य करो, त्याला सेवा करणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम वाटत राहतं. मी हे फार वेळा पाहिलं आहे, म्हणून यावर अडून बसते.

या सगळ्यातलं एक काम असं निवडा की ते चुकलं तर घराला त्रास होईल. नळाला पहाटे पाणी येत असेल तर पिंप भरणं हे सोळा वर्षांच्या मुलाचं काम. तो उठला नाही तर आईने मुकाट्याने उठून भरायचं नाही. एक दिवस सगळ्यांनी बादलीभर पाण्यात भागवायचं, कुणी ओरडायचं नाही, टोमणाही मारायचा नाही. दुसऱ्या दिवशी तो उठतो. आजोबांच्या औषधांची आठवड्याची डबी भरणं हेही उत्तम काम आहे, फक्त मोठ्या माणसाने एकदा नजर घालावी. या कामांचे पैसे देऊ नका, आणि गुणांची वही, स्टिकर असलं काही सुरू करू नका. बक्षीस थांबलं की काम थांबतं.

घरातलं काम कुरकुर न करता निदान तीन महिने चाललं की पुढची पायरी.

दुसरी पायरी: गट जमवणं

आठ ते बारा मुलं पुरेत. वीस झाली की चार काम करतात आणि बाकीची गप्पा मारतात. मुलं एकाच सोसायटीतली, एकाच शाळेतली, एकाच समाजातली नसावीत यासाठी सुरुवातीलाच जीव तोडून प्रयत्न करा. नंतर हे दुरुस्त होत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं ते सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवूनच. मुलं स्वयंपाकपाणी मिळून करत आणि एकाच पंगतीला बसत. वसतिगृह चालवायला पैसे नव्हते तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. तिथून शिकून बाहेर पडलेल्या मुलांना दुसऱ्याचं दुःख परकं वाटलं नाही, कारण तो दुसरा त्यांच्या शेजारीच जेवायला बसला होता. गटात वस्तीतली मुलं सेवा घेणारी आणि सोसायटीतली मुलं सेवा देणारी अशी वाटणी झाली, तर गट न काढलेलाच बरा.

दोन मोठी माणसं हवीतच, एक बाई आणि एक पुरुष. नियम असा की कोणत्याही मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर बंद जागेत असायचं नाही आणि मुलांनीही कुणाच्या घरी एकटं जायचं नाही, जोडीनेच जायचं. प्रत्येक पालकाची लेखी परवानगी घ्या. त्यात मुलाचा रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि दोन फोन नंबर असू द्या. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आणि ११२ हा तातडीचा क्रमांक मुलांना पाठ असू दे. हे सगळं कोरडं वाटतं, पण परक्यांच्या घरात जाणाऱ्या मुलांची जबाबदारी आपण घेतो तेव्हा पालकांना हे विचारावं लागता कामा नये, आपणच आधी सांगायला हवं.

दिवस आणि वेळ एकदा ठरली की बदलायची नाही. शनिवारी साडेचार म्हणजे साडेचार.

तिसरी पायरी: वस्तीफेरी आणि ऐकणं

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. निदान चार आठवडे नुसतं फिरा आणि ऐका. मुलांच्या डोक्यात आधीच काहीतरी असतं: भिंती रंगवू, वाचनालय काढू, झाडं लावू. ते मोडून काढू नका, पण बाजूला ठेवायला सांगा.

"तुम्हाला काय मदत हवी?" असं मुलांनी कुणालाही विचारायचं नाही. या प्रश्नाला माणसं एक तर "काही नको बाळा" म्हणतात किंवा पैसे मागतात, आणि दोन्हीकडे अवघडलेपण येतं. त्याऐवजी विचारायचं, "आज सकाळपासून काय काय केलंत?" मग माणूस बोलू लागतो. पाणी कुठून आणलं, दवाखान्यात किती वेळ गेला, कोणत्या ऑफिसातून परत पाठवलं, हे सगळं त्यात आपोआप येतं.

असंच एकदा नववीतल्या दोन मुली एका आजींकडे बसल्या होत्या. आजींनी सकाळचा पाढा वाचला: चहा केला, रेशन दुकानात गेले, अंगठा उमटला नाही, परत आले. गेल्या महिन्यात तिसऱ्या खेपेला उमटला होता. मुलींना काही कळेना. आजींनी हात पुढे केला. आयुष्यभर लोकांची भांडी घासून बोटांच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या. दुकानातल्या मशीनला ठसा सापडत नव्हता. मुली वाचनालय काढायच्या विचारात होत्या. पुढच्या शनिवारी त्या आजींना घेऊन आधार केंद्रात गेल्या, बोटांचे ठसे नव्याने दिले आणि महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्याबरोबर दुकानातही गेल्या. त्या दिवशी आजी दुकानदाराशी बोलताना जरा जास्तच मोठ्या आवाजात बोलल्या. त्या ओळीत अशा अजून किती जणी आहेत हे मुलींनी स्वतःहून मोजायला सुरुवात केली. वाचनालय त्यांनी पुढे काढलं, पण ते कुणासाठी काढायचं हे त्यांना आता माहीत होतं.

फेरीहून आल्यावर वहीत तीन गोष्टी लिहायच्या: काय पाहिलं, काय ऐकलं, काय कळलं नाही. तिसरा रकाना रिकामा दिसला तर मुलाला परत पाठवा.

चौथी पायरी: काम निवडणं

कामाला चार कसोट्या लावा. ते दर आठवड्याला करता आलं पाहिजे. त्याची कुणीतरी ठरावीक माणसाने वाट पाहिली पाहिजे. मोठ्यांनी हात न लावता मुलांना ते जमलं पाहिजे. आणि ते करताना मुलांना काहीतरी नवीन यायला लागलं पाहिजे. वर्षातून एकदा वृक्षारोपण पहिल्याच कसोटीत नापास होतं. पण तेच झाड उन्हाळाभर दर शनिवारी आणि बुधवारी पाणी घालून जगवणं पास होतं. आम्ही झाडं लावण्याचे कार्यक्रम करत नाही, लावून सोडून दिलेली झाडं दत्तक घेतो.

माझ्या मते या वयासाठी सगळ्यांत चांगलं काम म्हणजे अंध विद्यार्थ्यांना वाचून दाखवणं आणि परीक्षेत त्यांचं लेखनिक होणं, म्हणजे ते सांगतील ते उत्तर लिहून देणं. दहावीच्या बोर्डाला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे आठवी-नववीच्या मुलांना हे काम करता येतं. आणि दरवर्षी परीक्षा तोंडावर आल्या की लेखनिक मिळत नाही म्हणून धावाधाव होते. यात शिकण्यासारखं फार आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

लेखनिकाची तयारी परीक्षेच्या आधी दोन-तीन महिने सुरू करा. त्या विद्यार्थ्याबरोबर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला बसवा, म्हणजे एकमेकांच्या बोलण्याची आणि लिहिण्याची गती जुळते. लेखनिकाची मंजुरी शाळेमार्फत आधी घ्यावी लागते, ते काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. प्रश्न सावकाश, स्वल्पविरामासकट वाचायला शिकवा. आकृती किंवा कोष्टक शब्दांत कसं सांगायचं, त्याचा सराव करून घ्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम: समोरचा चुकीचं उत्तर सांगत असेल तरी तेच लिहायचं. हुशार मुलांना हे भयंकर जड जातं. उत्तर त्यांना येत असतं आणि पेन त्यांच्या हातात असतं. आमची एक मुलगी सराव परीक्षेनंतर रडली होती, कारण तिला भूगोलाचं उत्तर माहीत होतं आणि ज्या अंध ताईसाठी ती लिहीत होती तिने दुसरंच सांगितलं. तिला त्या ताईनेच समजावलं: "पेपर माझा आहे ना? मग चूकपण माझीच राहू दे." सेवा करणाऱ्याने आपली हुशारी कुठे बाहेर ठेवून यायची असते, हे मला कुठल्याही भाषणात याहून नीट सांगता आलं नसतं.

बाकीची कामं थोडक्यात: अडखळत वाचणाऱ्या तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर रोज वीस मिनिटं वाचन, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची वीजबिलं, बँक, वर्षाचा हयातीचा दाखला, उन्हाळ्यात पाणपोई चालवणं. पाणपोईत खरं काम रांजण रोज आतून घासण्याचं आणि ओगराळं, झाकण स्वच्छ ठेवण्याचं असतं, हे मुलांना आधीच सांगा. पैशाच्या व्यवहारात मात्र स्पष्ट मर्यादा हवी: कुणाचा पिन, ओटीपी, चेकबुक मुलांनी हातात घ्यायचं नाही.

पाचवी पायरी: शनिवारचे दीड तास

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. दिवसभर ज्याने आपली घाण उचलली तो माणूस रात्री बोलतो तेव्हा गाव ऐकतं. हा क्रम गटातही ठेवा. आधी तासभर काम, मग वीस मिनिटं गोल बसून बोलणं, शेवटची दहा मिनिटं वहीत नोंद. सुरुवातीला प्रार्थना, प्रास्ताविक, पाहुण्यांचे दोन शब्द यातलं काही नको.

बोलायला बसल्यावर "कसं वाटलं?" विचारू नका. उत्तर "छान वाटलं" एवढंच येतं. हे विचारा: आज कुणाच्या चेहऱ्यावर काही बदललेलं दिसलं का? आपल्यामुळे कुणाला अडचण झाली का? आपण करत होतो ते त्यांना स्वतःला करता आलं असतं का? शेवटचा प्रश्न महिन्यातून एकदा तरी आलाच पाहिजे. महारोगी सेवा समितीचं आनंदवन वरोऱ्याजवळ उभं राहिलं ते कुष्ठरुग्णांना बसवून खाऊ घालून नाही. त्यांच्या हाताला शेती, विणकाम, सुतारकाम देऊन उभं राहिलं. ज्याची सेवा करतो त्याला जास्तच परावलंबी करून ठेवणं हा सेवेतला मोठा धोका आहे, आणि मुलांना तो समजतो, आपण विचारलं तर.

पहिल्या वर्षासाठी काही गोष्टी वर्ज्य: टी-शर्ट, बॅनर, प्रमाणपत्र आणि ज्यांच्याकडे जातो त्यांचे फोटो. फोटोवर मुलांशी वाद होतो. त्यांना विचारा, तुझ्या घरी कुणी धान्याची पिशवी देताना तुझ्या आईचा फोटो काढून ग्रुपवर टाकला तर चालेल का? वाद तिथेच संपतो.

सहावी पायरी: कंटाळा, दांडी आणि कृतघ्न वाटणारी माणसं

दोन-अडीच महिन्यांनी नव्याचे नऊ दिवस संपतात. हे होणारच, आणि खरी घडण इथेच होते.

दांडी मारणाऱ्या मुलाला गटासमोर बोलू नका. त्याला एवढंच करायला लावा: ज्यांच्याकडे जायचं होतं त्यांना त्याने स्वतः जाऊन किंवा फोन करून सांगायचं, की मी आलो नाही. कारण सांगायची सक्ती नाही, पण सांगायला आपणच जायचं. आजोबा म्हणतात, "अरे, मी चारपासून बाहेर खुर्ची टाकून बसलो होतो." यापुढे आपण काही बोलायची गरज उरत नाही.

दुसरी अडचण म्हणजे माणसं नेहमी गोड वागत नाहीत. कुणी खेकसतं, कुणी चुका काढतं, कुणी दहा मिनिटं उशीर झाला म्हणून दार उघडत नाही. मुलं दुखावून येतात: "आपण एवढं करतो आणि ते बघा!" तेव्हा मुलांची समजूत काढण्याची घाई करू नका, आणि त्या माणसाची बाजूही लगेच घेऊ नका. फक्त विचारा, त्यांना रागवायला दुसरं कोण उरलंय? मात्र कुणी मुलांच्या अंगाला नको तसा हात लावला, घाणेरडं बोललं, दारू पिऊन असलं, तर तिथून तत्काळ निघायचं आणि मोठ्यांना सांगायचं. तिथे सहनशीलता नको, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करा.

पालकांचा प्रश्न असतो अभ्यासाचा. दहावी-बारावीच्या वर्षी काम निम्म्यावर आणा, पण बंद करू नका. पूर्ण बंद केलं की मुलाला हे कळतं की सेवा मोकळ्या वेळात करायची असते. पुढे नोकरी, मग लग्न, मग मुलं, मोकळा वेळ कधीच येत नाही.

सातवी पायरी: पैसा आणि पुढारपण मुलांच्या हातात

गटाला थोडेफार पैसे लागतातच. एखाद्या नेत्याकडून किंवा दुकानदाराकडून मागून आणू नका. स्काउट-गाइडमध्ये 'खरी कमाई'ची जुनी पद्धत आहे: मुलांनी घरोघर छोटी कामं करून पैसे मिळवायचे. गाड्या धुवा, दिवाळीत आकाशकंदील करा, रद्दी गोळा करून विका. हिशोबाची वही खजिनदार मुलाकडे, दर महिन्याला गटासमोर वाचायची. पाच रुपयांचा मेळ लागला नाही तरी तो लागेपर्यंत उठायचं नाही.

वर्षभरानंतर गट चालवणं मोठ्या मुलांकडे द्या. तुम्ही मागे बसा आणि तोंड बंद ठेवा, हे फार अवघड असतं. मुलांनी घेतलेला निर्णय धोक्याचा नसेल तर चुकीचा वाटला तरी होऊ द्या.

आठवी पायरी: शिबिर

आता शिबिराला अर्थ आहे. बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली आणि हजारो तरुण तिथे मे महिन्यात घाम गाळून गेले. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ च्या गांधी जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली, तिच्यातही सात दिवसांचं निवासी शिबिर आहे. सात दिवस हा हिशोब बरोबर आहे: पहिले दोन दिवस हौसेत जातात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग दुखतं आणि घर आठवतं, आणि पाचव्यापासून गट खऱ्या अर्थाने काम करायला लागतो. तीन दिवसांचं शिबिर नेमकं चुकीच्या ठिकाणी संपतं.

काम गावाने सांगितलेलं हवं. ग्रामपंचायतीशी बोला, जमीन वनखात्याची असेल तर त्यांची परवानगी घ्या, आणि गावातली निदान निम्मी माणसं मुलांबरोबर कामाला असतील तरच जा. गाव पारावर बसून पाहतंय आणि शहरातली मुलं खणतायत, असं दृश्य दोघांचंही नुकसान करतं. डोंगरउतारावर समतल चर, म्हणजे पावसाचं पाणी अडवायला एकाच पातळीत खणलेले खंदक, खोदणं हे शिबिरासाठी चांगलं काम आहे: पारदर्शक नळीत पाणी भरून समपातळी काढायची, चुन्याची फक्की टाकून रेघ आखायची आणि साधारण ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल चर खणायचा. माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची, म्हणजे बांध होतो. समपातळी चुकली तर पाणी एका टोकाला जाऊन चर फुटतो, म्हणून मोजायचं काम घाईत उरकू नका.

तीस मुलांना आठ टिकाव, आठ फावडी आणि वीस घमेली पुरतात. सगळ्यांना एकाच वेळी खणायचं नसतं, साखळी लावून माती द्यायची असते. मे महिन्यात काम सकाळी साडेसहा ते साडेनऊ, त्यानंतर उन्हात मुलं ठेवायची नाहीत. डोक्याला टोपी किंवा उपरणं, पायात बूट, दर वीस मिनिटांनी पाणी, सोबत मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे आणि तिथे सर्पदंशावरचं प्रतिविष उपलब्ध आहे का, हे आधी जाऊन पाहून या. मुलींसाठी संडास-न्हाणीची सोय आधी आणि सॅनिटरी पॅडच्या विल्हेवाटीची सोयही आधी. हे नसेल तर मुली पाणी कमी पितात आणि आजारी पडतात.

स्वयंपाक मुलांनीच करायचा, संडास मुलांनीच धुवायचे, आणि दोन्ही पाळ्या सगळ्यांना यायलाच हव्यात. संडास धुण्याच्या पहिल्या पाळीला शिबिराच्या प्रमुखाने स्वतः खराटा घ्यावा. संध्याकाळी गावातल्या एखाद्या वयस्कर माणसाला बोलवा आणि त्यांना दुष्काळ, स्थलांतर, पाणी याबद्दल बोलू द्या. बाहेरून आणलेल्या वक्त्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

नववी पायरी: "हे असं का आहे?"

आजींचा अंगठा उमटला, पण पुढच्या महिन्यात ओळीतल्या दुसऱ्या आजींचा उमटला नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलं इथे प्रश्न विचारू लागतात, आणि तो प्रश्न दाबायचा नसतो. नुसती मलमपट्टी करत राहिलेली मुलं एक तर थकतात किंवा स्वतःला उपकारकर्ती समजू लागतात.

या वयात त्यांना यंत्रणा दाखवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होणाऱ्या ग्रामसभेत मुलांना घेऊन जा आणि मागे बसून ऐकू द्या. अर्ज कसा लिहायचा, पोचपावती का घ्यायची, आवक क्रमांक म्हणजे काय, हे शिकवा. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. दहा रुपये शुल्क, साधारणपणे तीस दिवसांत उत्तर. अर्ज मोठ्या माणसाच्या सहीने जाऊ दे, पण मजकूर मुलांनी लिहावा. रस्त्यावरचा दिवा लागावा म्हणून तीन पत्रं लिहून, पाठपुरावा करून तो लावून घेणाऱ्या मुलांना आयुष्यभर पुरेल एवढं काहीतरी मिळतं.

इथे राजकारण येतंच. कुठल्याही पक्षाच्या व्यासपीठावर गट नेऊ नका, पण मुलांची मतं होऊ द्या, एकमेकांशी भांडू द्या.

दहावी पायरी: अठरानंतर

अठरा पूर्ण झाली, वजन ४५ किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असलं की रक्तदान करता येतं. मुलग्यांना तीन आणि मुलींना चार महिन्यांच्या अंतराने. वाढदिवसाला रक्तपेढीत जाण्याची प्रथा गटात पाडा. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचं काम असतं. तुमच्या मुलांना ते अवघड जाणार नाही, उलट तिथे ती पुढाकार घेतील. आपल्या शिक्षणाचा उपयोग कुठे करायचा हा प्रश्न ज्यांना छळू लागतो, त्यांच्यासाठी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेला 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम आहे. त्यातून बाहेर पडलेले कितीतरी तरुण डॉक्टर, इंजिनिअर गडचिरोलीसारख्या भागात काम करत आहेत. सगळ्यांनी तिकडे जायला हवं असं मुळीच नाही. बँकेत नोकरी करून दर रविवारी दोन तास कुणाला तरी वाचून दाखवणारा माणूस मला तितकाच मोलाचा वाटतो.

शेवटचं एक काम पालक आणि गटप्रमुख दोघेही विसरतात: निरोप. मुलगा शिक्षणाला पुण्याला किंवा नाशिकला गेला आणि ज्या आजोबांकडे तो तीन वर्षं जात होता तिथे एका शनिवारी कुणीच आलं नाही, असं होता कामा नये. जून-जुलैत प्रवेश होतात, म्हणून एप्रिलपासूनच गटातलं एक लहान मूल त्याच्या जोडीला द्या. दोघांनी मिळून निदान चार वेळा जायचं. पहिल्या दोन वेळा मोठा काम करतो आणि लहान पाहतो, पुढच्या दोन वेळा लहान करतो आणि मोठा बाजूला बसतो. वहीतल्या नोंदी नव्याला वाचायला द्यायच्या: आजोबांना कोणत्या कानाने ऐकू येतं, पेपरातलं काय आधी वाचायचं, चष्म्याचं घर कुठे ठेवतात, त्यांच्या मुलीचा फोन नंबर. आजोबांना मोठ्या मुलाने स्वतः सांगायचं की मी कोणत्या तारखेला जातोय आणि माझ्या जागी कोण येणार आहे. सुट्टीला घरी आला की पहिल्या शनिवारी तिथे चक्कर मारायची.